मागचा बोका

आमच्या कुटुंबात गेली चाळीस वर्षे एक तंटा मिटायचा राहिला आहे. तो इस्टेटीचा नाही. इस्टेट असती तर प्रकरण केव्हाच कोर्टात जाऊन निदान तारखा तरी पडल्या असत्या. हा तंटा काचेचा आहे. माझा मेव्हणा म्हणतो, माणसाचा फोटो काढताना चेहरा धारदार यावा आणि मागचे सगळे लोण्यासारखे वितळून जावे. माझे म्हणणे, लोणी भाकरीवर ठीक. जे मागे आहे ते मागे दिसले पाहिजे. एवढ्याशा मुद्द्यावर दोन शहाणी माणसे चाळीस वर्षे भांडणार नाहीत, असे तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. आम्ही शहाणे आहोत असा दावा आमच्या बायकांनीही कधी केलेला नाही.

मेव्हणा आणि मी मुलुंड पूर्वेच्या एकाच चाळीत लहानाचे मोठे झालो. पुढे त्याच्या बहिणीशी माझे लग्न झाले. तेव्हापासून तो चारचौघांत मला 'भावजी' म्हणतो आणि वाद रंगात आला की पुन्हा 'गाढवा'वर येतो. (गाढवात जिव्हाळा अधिक आहे, हे मी मान्य करतो.) निवृत्त झाल्यावर लोक काशीला जातात, नातवंडे सांभाळतात, नाहीतर सोसायटीचे सेक्रेटरी होऊन शत्रू जमवतात. हा बँकेतून निवृत्त झाला आणि बोरिवलीला बसून जुन्या लेन्सा जमवू लागला. काही फोर्टातल्या दुकानांतून, काही चोरबाजारातून, काही परदेशी गेलेल्या भाच्या-पुतण्यांच्या सामानातून, लोणच्याच्या बदल्यात.

या लेन्सांचे एक खास कपाट आहे. मुंबईच्या पावसाळी हवेत लेन्सच्या पोटात बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे काचेवर पसरत जातात आणि वेळीच लक्ष दिले नाही तर लेन्स कायमची अधू होते. म्हणून जून ते सप्टेंबर त्या कपाटात अहोरात्र एक दिवा जळत असतो. वहिनी म्हणतात, "देवघरातली समई विझली तर यांना पत्ता नसतो, पण कपाटातला बल्ब गेला की रात्री दोनला उठून स्टूल शोधतात." गेल्या वर्षी वहिनींना तापाने हुडहुडी भरली, तेव्हा 'मला पण त्या कपाटात ठेवा' असे त्या म्हणाल्याचे ऐकिवात आहे.

आता या काचांची परीक्षा कशी होते ते सांगतो. भिंतीवर वर्तमानपत्राचे पान चिकटवायचे. समोर ट्रायपॉडवर कॅमेरा. मग एकेक लेन्स लावून त्या पानाचा फोटो काढायचा आणि तो संगणकाच्या पडद्यावर ताणून ताणून बघायचा. मधल्या 'वधू पाहिजे'चे अक्षर सुटे दिसते की नाही, कोपऱ्यातली निविदा सूचना वाचता येते की नाही, आणि मिलिमीटरमागे किती रेघा एकमेकींना न चिकटता उभ्या राहतात, यावरून लेन्सची लायकी ठरते. एका रविवारी मी दादरला गाडी बदलून, दोन रेल्वेंची गर्दी सोसून बोरिवलीला पोचलो, तेव्हा तो तीन आठवड्यांपूर्वीचे एकच पान सहाव्यांदा वाचत होता. इतक्या निष्ठेने वर्तमानपत्र वाचणारा माणूस मी संपादकांतही पाहिलेला नाही.

"कागद पुरत नाही रे," तो म्हणाला, "खरी परीक्षा कातडीवर." आणि मला गॅलरीत खुर्चीवर बसवले. पाच लेन्सा झाल्या. चहा झाला. मग त्याने मला पडद्यासमोर नेले. पडद्यावर चंद्राचा पृष्ठभाग होता. विवरे, दऱ्या, वाळलेली झुडपे.

"हे काय?"

"तुझं नाक," मेव्हणा भक्तिभावाने म्हणाला. "आणि ही पापणी. मोज केस. मोज तू!"

माझ्याकडे इतक्या बारकाईने माझ्या डॉक्टरांनीही कधी पाहिलेले नाही. पाहिले असते तर फी परवडली नसती.

माझा पहिला आक्षेप इथेच आहे. ही धार हवी आहे कोणाला? आमच्या लहानपणी स्टुडिओतला फोटोग्राफर फोटो काढून झाला की निगेटिव्ह तिरक्या काचेवर ठेवून, टोकदार पेन्सिलीने तासन्‌तास गिरवीत बसायचा. त्याला रिटचिंग म्हणत. देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळे, कपाळावरच्या आठ्या हे सारे तो बुजवून टाकायचा. लग्नाच्या मुलीचा फोटो असला तर जरा जास्तच. म्हणजे लेन्सने इमानाने जे टिपले ते खोडून काढण्यासाठी माणसे पदरचे पैसे मोजत होती. धारेत खोट असती तर तो धंदा चाललाच नसता. पन्नास वर्षांपूर्वी जी धार पेन्सिलीने बोथट करावी लागत होती, ती आणखी वाढवण्यासाठी आज माणसे भविष्यनिर्वाह निधी मोडतात. वर्तमानपत्राच्या पानाला नाक नसते. म्हणून त्याची धार वाढली तरी ते रागावत नाही.

आता जरा इतिहास. मेव्हण्याशी वाद घालायचा म्हणून मी तो वाचला. १८३९ साली फ्रान्समध्ये दागेरची छायाचित्रणाची रीत जाहीर झाली, तेव्हाच्या लेन्सा इतक्या मंद होत्या की फोटोसाठी माणसाला भर उन्हात काही मिनिटे पुतळ्यासारखे बसावे लागे. मान हलू नये म्हणून पाठीमागून लोखंडी चिमटा लावीत. जुन्या फोटोंतली माणसे गंभीर दिसतात ती उगाच नव्हे. १८४० साली व्हिएन्नात जोसेफ पेट्झवाल नावाच्या गणिताच्या प्राध्यापकाने खास माणसांच्या फोटोसाठी एक लेन्स गणिताने मांडली आणि फोइग्टलेंडर कंपनीने ती बनवली. आकडेमोड एवढी अवाढव्य की तिच्यासाठी त्याला तोफखान्यातले जवान दिले होते असे सांगतात. तोफखान्याने केलेले हे बहुधा सर्वांत अहिंसक काम असावे. या लेन्समुळे मिनिटांचे सेकंद झाले. तिचा मधला भाग स्वच्छ, पण कडेला सगळे ढवळल्यासारखे, गरगरते. तो दोष आहे हे प्राध्यापकमजकुरांना ठाऊक होते, पण फोटोतला चेहरा मध्यभागी असतो, म्हणून भागून गेले.

पुढे चौदाच वर्षांनी, १८५४ साली, आपल्या मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि स्वतः छायाचित्रे काढणारे त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी, असे दोघेही तिच्यात होते. म्हणजे लेन्स हातात घेऊन वाद घालण्याची मुंबईची परंपरा जवळजवळ पावणेदोनशे वर्षांची आहे. मेव्हण्याला हे कृपा करून सांगू नका.

मुद्दा असा की मागचे ढवळून निघणे हा मुळात दोष होता. तो गुण कधी झाला? याचे श्रेय जपानी लोकांना द्यावे लागते. धूसरपणाला त्यांच्या भाषेत 'बोके' असा शब्द आहे. १९९७ साली एका अमेरिकन छायाचित्रण मासिकाने तो उचलला, शेवटी एक 'ह' लावून प्रतिष्ठित केला आणि जगभर पसरवला. त्याच उच्चाराचा जपानी शब्द म्हातारपणी माणसाचे भान सुटते त्यालाही वापरतात, ही माहिती मी मेव्हण्याला आवर्जून दिली. तो दोन दिवस बोलला नाही.

हा शब्द आमच्या घरात प्रथम आला तो प्रसंग मजेदार होता. मेव्हणा फोनवर ओरडत होता, "नवी लेन्स आणलीय! काय बोके आहेत मागे! गोल गोल! लोण्यासारखे!" फोन बायकोने घेतला होता. तिने शांतपणे सांगितले, "दूध झाकून ठेव म्हणावं वहिनीला."

आणि गंमत पाहा, यात मांजराचा संबंध खरोखरच आहे. लेन्सचे भोक पूर्ण उघडले की मागच्या लांबच्या दिव्यांचे गोल ठिपके होतात. चित्राच्या कडेला मात्र लेन्सच्या नळीची कड आड येऊन त्या गोलाचा थोडा भाग कापते. मग तो दोन्ही टोकांना निमुळता होतो. त्याला जाणकार 'मांजराचा डोळा' म्हणतात. असे डोळे मध्यबिंदूभोवती फेर धरून बसले की मागचे गरगरल्यासारखे दिसते. बोके आणि त्यात मांजराचे डोळे! शास्त्रानेच एवढी सोय करून ठेवल्यावर विनोदी लेखकाने काय करायचे?

मेव्हण्याच्या कपाटातली मंडळी मला आता नावानिशी ठाऊक आहेत. घराण्यांच्या गायकांसारखी प्रत्येकीची गायकी वेगळी. पहिली झाइसची सोनार, ८५ मिलिमीटर. लुडविग बेर्टेलेने १९३० नंतरच्या दशकात हिची मांडणी केली. आतल्या काचा एकमेकींना चिकटवून हवेचे थर कमी केले, त्यामुळे काचांवर लेप देण्याची विद्या येण्याआधीही हिच्या फोटोंत काळे ते काळे आणि पांढरे ते पांढरे. चोख आवाज, मुरक्या कमी. दुसरी मॉस्कोजवळच्या कारखान्यातली हेलिओस, ५८ मिलिमीटर. मूळची चीज झाइसच्या बायोटारची, रशियनांनी ती आपल्या तंबोऱ्यावर लावली आणि झेनिट कॅमेऱ्यांबरोबर लाखांनी विकली. हिच्यासमोर झाड ठेवले की मागे जिलब्या पडतात. तिसरी लाइट्स कंपनीची १९३५ सालची थांबार. ती मेव्हण्याने फक्त चित्रात पाहिली आहे, कारण तिची किंमत ऐकून त्याला पाणी मागावे लागले. ती चेहऱ्याभोवती धुके सोडते. हे धुके मोतीबिंदू झाला तेव्हा मला फुकट मिळाले होते, आणि मी ते पैसे देऊन काढून घेतले.

हे सारे घडते कशाने? काचेच्या मधून आलेले किरण आणि कडेने आलेले किरण एकाच जागी भेटत नाहीत. हा दोष कारागिराने थोडा शिल्लक ठेवला तर मागचे मऊ होते. तो काढण्याच्या भरात तोल पलीकडे गेला तर मागच्या ठिपक्यांना काठ येतो आणि त्यांच्या बांगड्या होतात. म्हणजे 'लोणी' की 'बांगड्या' हे त्या शिल्लक दोषावर ठरते. मेव्हणा याला स्वभाव म्हणतो. काचेच्या दोषाला स्वभाव म्हणणारा हा गृहस्थ माझ्या दोषांना मात्र दोषच म्हणतो.

आणि कपाटाच्या वरच्या खणात, मखमली पिशवीत, पट्टराणी: निकॉनची १०५ मिलिमीटर, एफ २.५. १९७१ साली हिची आतली मांडणी बदलली. जुनी गोड की नवी धारदार, यावर तिच्या भक्तांत सवाई-गंधर्व महोत्सवाच्या मध्यंतरातल्यासारखे वाद होतात. हिच्याबद्दल मीही कान पकडतो. १९८४ साली पेशावरजवळच्या निर्वासितांच्या छावणीत स्टीव्ह मॅककरीने एका अफगाण मुलीचा फोटो काढला तो याच लेन्सने. पुढच्या वर्षी जूनमध्ये तो नॅशनल जिऑग्राफिकच्या मुखपृष्ठावर आला. ते हिरवे डोळे तुम्हीही पाहिले असतील.

मेव्हणा हा फोटो माझ्यापुढे हुकमाच्या एक्क्यासारखा टाकतो. मी विचारतो, "तिच्या मागे काय आहे?"

"हिरवं. बघ किती मऊ हिरवं!"

"ते छावणीतल्या शाळेच्या तंबूचं आहे. आणि तिचं नाव काय?"

"शरबत गुला."

"ते जगाला कधी कळलं?"

"२००२ साली."

सतरा वर्षे! जगातला सर्वांत ओळखीचा चेहरा, आणि त्याला नाव नाही की गाव नाही. डोळे एवढे धारदार की पाहणाऱ्याची झोप उडावी, आणि ज्या शाळेत ती बसली होती ती एका मऊ हिरव्यात विरघळून गेलेली. नाव लेन्सने पुसले असे मी म्हणत नाही. ते विचारायचे राहिले. पण समोरच्या माणसाचा चेहरा तेवढा घ्यायचा आणि तो कुठला, कोणाचा हे सोडून द्यायचे, ही सवय माझ्या मते एकाच कुळातली आहे.

नटनट्यांची गोष्ट वेगळी. दादरच्या इंडिया फोटो स्टुडिओत जे. एच. ठक्कर यांनी नटनट्यांचे फोटो काढले, पुढे गौतम राजाध्यक्षांनी तसे काढले, तेव्हा मागे काही नसले तरी चालत होते. त्या लोकांचा चेहरा हाच त्यांचा पत्ता असतो. अंधारातून नुसता चेहरा पुढे आला तरी टपालवाला बरोबर जागी पोचेल. तुमचे-आमचे तसे आहे का? घाटकोपरच्या रांगेत, अंधेरीच्या पुलावर माझा चेहरा एकटा सापडला तर त्यावरून माझी बायकोसुद्धा खात्रीने काही सांगणार नाही. आमची ओळख चेहरा अधिक खोली अधिक गॅलरीतली दोरी अशी बेरजेने होते. त्यातले दोन आकडे पुसले तर उत्तर काय राहणार?

आणि जरा व्यवहार पाहा. १०५ मिलिमीटरच्या लेन्समध्ये उभा माणूस नखशिखान्त बसवायचा तर फोटोग्राफरला साडेपाच मीटर मागे सरावे लागते. आमची खोली दहा फूट बाय बारा. म्हणजे आमच्या आईचा फोटो काढायला मेव्हण्याने शेजारच्यांच्या मोरीत उभे राहायला हवे होते. उपनगरातल्या माणसाला ही लेन्स फक्त त्याचे डोके कापून देते. धड शेजाऱ्यांच्या परवानगीवर अवलंबून.

उलट गरीब माणसाला पार्श्वभूमीची केवढी हौस होती ते आठवा. स्टुडिओत मागे रंगवलेला पडदा असायचा. त्यावर संगमरवरी जिना, तळे, तळ्यात चंद्र. बाजूच्या तिवईवर टेलिफोन. ज्यांच्या सात पिढ्यांत कोणाला फोन आला नव्हता ती माणसे कानाला रिसीव्हर लावून ताठ उभी राहायची आणि त्याचे पैसे द्यायची. मागे सांगण्यासारखे काही नसेल तर ते विकत घ्यावे, पण मोकळे सोडू नये, एवढी समज त्यांना होती.

आता खरे भांडण. आमच्या घरी आईचे दोन फोटो आहेत.

पहिला १९७४ सालचा. काढणारे माझे वडील. कॅमेरा आग्फा क्लिक थ्री, बडोद्याला तयार होणारा डबा. बारा फोटोंचा रोळ, एकच काच, आणि निवडायला दोन खुणा: ऊन आणि ढग. फोकस वगैरे भानगड नाही. तीन-चार मीटरांपलीकडचे सगळे त्याच्या लेखी सारखे. धारेच्या परीक्षेत हा कॅमेरा बालवर्गात नापास होईल. फोटोत आई चाळीच्या अंगणात उभी आहे. चेहरा लहान आला आहे आणि उन्हाने डोळे बारीक झालेत. पण मागे? मागे डालड्याच्या डब्यातली तुळस आहे. पाण्याचे पिंप आहे आणि त्यावर उपडा घातलेला तांब्या. दोरीवर वडिलांचा पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा. कौले. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर परकर-पोलक्यातली एक मुलगी जीभ बाहेर काढून बसली आहे. तिच्याशी पुढे माझे लग्न झाले. (सावधगिरीची सूचना त्या फोटोत तेव्हाच मिळालेली होती.) आणि कोळशाच्या पोत्यावर एक बोका. खराखुरा, चार पायांचा.

दुसरा १९८६ सालचा. तोच पट्टराणीचा. मेव्हण्याला पहिला बोनस मिळाला त्यातून त्याने ती सेकंडहँड आणली होती आणि पहिला फोटो आईचा काढला. अंतर सव्वा मीटर, भोक पूर्ण उघडे. (आकडा लहान तेवढे भोक मोठे, हा उलटा न्याय बँकेत नोकरी करणाऱ्याला लगेच समजतो.) एवढ्या जवळून एफ २.५ वर जेमतेम दोन सेंटिमीटर खोलीचे जग स्पष्ट येते. त्या दोन सेंटिमीटरांत आईचे डोळे आहेत. काय डोळे आहेत! खोटे कशाला बोलू? असा फोटो तिचा दुसरा नाही. डोळ्यांत हसू आहे, थोडा संकोच आहे, 'पुरे कर रे आता' आहे. कान मात्र विरघळले. कानातल्या मोत्याच्या कुड्या, ज्या तिने दोन वेळा गहाण टाकून दोन्ही वेळा सोडवून आणल्या, त्या दोन धुरकट ठिपके होऊन बसल्या. मागे हिरवे आणि विटकरी लोणी. आणि तिच्या उजव्या खांद्यावर एक पांढरा, मऊ, लांबट डाग. मेव्हण्याला त्या डागाचा फार अभिमान. "असा मोत्यासारखा डाग दुसऱ्या लेन्सला जमायचा नाही," असे तो येईल त्याला दाखवीत असे.

२००९ साली आई गेली. भिंतीवर कुठला फोटो लावायचा यावर चर्चा झालीच नाही. मेव्हण्याचाच लागला. पाच-सहा वर्षांपूर्वी माझा नातू, चार वर्षांचा, त्या फोटोपुढे उभा राहून म्हणाला, "आजोबा, पणजी कुठे उभी आहे?"

मी म्हणालो, "आपल्या जुन्या घरी."

"घर कुठाय?"

मी हिरव्या लोण्याकडे बोट दाखवले. तो म्हणाला, "हे तर ढग आहेत. ती देवाकडे गेल्यावर काढला का फोटो?"

चाळीच्या जागी तोवर पुनर्विकासाचा टॉवर उभा राहिला होता. खाली दोन मजले मोटारींसाठी. तुळस, पिंप, जिना, तिसरी पायरी कुठे होती हे दाखवायला बोट कुठे करायचे ते मलाही नीट सांगता येत नाही. मी कपाटातून क्लिक थ्रीचा तो तीन बोटांचा फोटो काढला. पोरगा अर्धा तास खिळून बसला. ही तुळस, हा तांब्या, ही आजी जीभ काढते! आणि सर्वांत आनंद कशाचा झाला? बोक्याचा. मेव्हण्याच्या साऱ्या कपाटात मिळून जे जमले नाही ते वडिलांच्या डब्याने केले होते. बोका मागे होता आणि दिसत होता.

मेव्हण्याला हे सांगितले तर तो म्हणाला, "मागे कचरा होता रे. म्हणून तर उडवला."

कचरा? मी चिडलो. गेल्या दिवाळीत तो भाऊबिजेला आला, तेव्हा भिंतीवरचा फोटो काढून त्याच्यापुढे ठेवला आणि म्हटले, "हा पांढरा डाग कसला आहे सांग."

"हायलाइट आहे. पिंपावर ऊन पडलं असेल."

"पिंप डावीकडे होतं. उजवीकडे, अंगणापलीकडे तुमचं दार. दारात आरामखुर्ची. संध्याकाळी साडेपाचला धोतर-बनियन घालून तिच्यात कोण बसायचं?"

त्याने चष्मा काढला. खिशातले भिंग काढले, जे तो देवपूजेलाही घेऊन बसतो. फोटोवर वाकला. बायको स्वयंपाकघरातून ओवाळणीचे तबक घेऊन येत होती, ती दारातच थांबली. त्या आरामखुर्चीत दादा बसायचे. तिचे आणि त्याचे वडील. दादा पुढच्याच वर्षी गेले. त्यांचा काळ्या टोपीतला, स्टुडिओतला एक फोटो आहे, मागे संगमरवरी जिना असलेला. पण त्या खुर्चीतला, पाय पसरून, पंचाने वारा घेत बसलेला नाही. मेव्हण्याच्या हातात तेव्हा जगातली उत्तम लेन्स होती, आणि दादा तिच्या समोर होते.

बराच वेळ भिंग हलत राहिले. शेवटी तो म्हणाला, "एफ आठवर केलं असतं तर?"

"तर तुझ्या हिशेबाने काय झालं असतं?"

तो सवयीने पुटपुटत हिशेब करू लागला. "दोनाऐवजी सहा सेंटिमीटर मिळाले असते. कुड्या आल्या असत्या. आणि मागे... धारदार नाही, पण माणूस आहे एवढं कळलं असतं. खुर्ची कळली असती."

बायकोने तबक खाली ठेवले आणि म्हणाली, "मला तर आत्ताही कळतंय." मग तिने भावाला ओवाळले.

म्हणून हा सगळा कंठशोष. माझे भांडण पेट्झवालशी नाही, सोनारशी नाही, पट्टराणीशी तर नाहीच. भांडण आहे ते भोक पूर्ण उघडे टाकून मागच्याला कचरा म्हणण्याशी. पूर्वी या चैनीला निदान एक जड लेन्स उचलावी लागत होती. २०१६ साली ॲपलने आयफोन ७ प्लसमध्ये 'पोर्ट्रेट'ची सोय आणली, आणि आता कोणाच्याही खिशातला फोन हिशेब करूनच मागचे पुसतो. मागच्या महिन्यात भाचीने माझा असा फोटो काढला. फोनने माझे विरळ केसही पार्श्वभूमी समजून उडवले. निदान यंत्र प्रामाणिक होते.

तुम्ही लेन्स कुठलीही घ्या. रेघा मोजा, पापण्या मोजा, मांजराचे डोळे मोजा. पण घरच्या माणसाचा फोटो काढताना भोकाची कडी एफ आठपर्यंत फिरवा आणि एक पाऊल मागे सरा. शेजाऱ्यांच्या मोरीत जावे लागले तर जा, चहा मिळेल. तुमची इमारतही एक दिवस पुनर्विकासाला जाणार आहे. चेहरा तुम्हांला तसाही आठवेल. पिंपावरचा तांब्या उपडा होता की उताणा, यावर पुढे भावंडांत भांडण होईल, तेव्हा पुरावा लागतो.

मेव्हण्याने हे सारे ऐकून घेतले. जाताना जिन्यात थांबून म्हणाला, "भावजी, तो क्लिक थ्रीचा फोटो जरा देशील? मोठा करून आणतो."

'भावजी' आणि 'देशील' एकाच वाक्यात मी प्रथमच ऐकले. फोटो दिला. परवा त्याचा फोन आला. आवाज खुशीत होता.

"गाढवा, कोपरे फारच मऊ आहेत. पण तुला माहीत आहे का, बोक्याच्या मिशा मोजता येतात!"